वायर केवढी?

पावणेदोनशे युरोंचा बिनवायरचा कंट्रोलर
ताउनो तिसऱ्यांदा हातात घेतो.
केमीत दुपारी दोनलाच दिवे लागलेत.
हातमोजे न काढताच खोका उलटा करून वाचतो:
बॅटरी चाळीस तास. अंतर दहा मीटर.

"आमची बैठकच चार मीटरची," तो म्हणतो,
"उरलेल्या सहा मीटरचे पैसे कशाला?
ते तर भिंतीपलीकडे, बर्फात."

मी हसते. माझं काम विकायचं,
यावर कमिशनही बरं आहे.
सांगते, हाताला हलका, पायात काही येत नाही,
बटणं लोण्यासारखी.

तो ऐकून घेतो. मग घरच्या कंट्रोलरचं सांगतो:
डावी स्टिक आपोआप वर सरकते,
आवाचा शिलेदार सारखा भिंतीवर जाऊन आपटतो.
वायरीत अडखळून आइलानं दोनदा सूप सांडलं.
तिला त्यानं चिकटपट्टी गुंडाळलीय,
गिरणीत गुंडाळायचा तशी,
गिरणी चालू होती तेव्हा.

"कानावर हेडफोन. हाक ऐकूच जात नाही पोरीला.
जेवण झालं की मी वायरीला जरा ओढ देतो.
तिकडून उलटी ओढ येते.
म्हणजे आले."

मी खोका परत काचेत ठेवला.
खालच्या फळीवरून एकोणतीस युरोंचा काढला,
धूळ पुसली.

"वायर केवढी?"
"तीन मीटर."
"आमची अडीच होती."
त्यानं मनात काहीतरी मोजलं.
"असू दे अर्धा मीटर जास्त.
मार्चमध्ये तेरावं लागतंय तिला."