भिंत, टेक सातवा

राऊच्या पुढे, पिपल्याखेडीत,
बालमुकुंद पटेलांच्या कोठीसमोर
आम्ही एक भिंत पाडायला गेलो होतो.
एपिसोड एकसष्ट : मिस्तरी शिंकतो, कुंपण कोसळतं.
संवाद माझे. कन्टिन्यूइटीची वहीही माझ्याच हातात,
दोन कामं, पैसे दीड कामाचे.
"पाया ठणठणीत आहे मालक, भिंतच तेवढी आजारी"
ह्या ओळीवर रामबागेतल्या घरी
मी एकटीच हसले होते,
पोह्यांचा घास घशात अडकेपर्यंत.

भिंत बांधायला मिस्तरी खराच बोलवा, प्रॉडक्शन म्हणालं,
स्वस्त पडतो.
थावरिया आला. झाबुआकडचा,
पटेलांच्याच कोठीवर तिसरा मजला चढवत होता.
चार हात लांब, कमरेइतकी, आणि पडणारी,
असं त्याला सांगितलं.
"पडणारी?" त्यानं दोनदा विचारलं.
मग सुतळी ताणली, ओळंबा सोडला,
आणि विटा भिजत घातल्या.
मी म्हटलं, अहो, भिजवू नका.
"सूखी ईंट पानी पी जाती है, बाई,
फिर मसाला किसको पकड़ेगा?"

पहिला टेक.
आमचा मिस्तरी, नव्या बनियनला ब्लेडनं पाडलेली भोकं,
कानावर पेन्सिल, गालावर मोजून लावलेलं सिमेंट,
शिंकला.
भिंत उभी.
दुसऱ्यात खांदा लावून शिंकला.
तिसऱ्यात खांदा धरून खाली बसला.

पटेल खुर्चीत, मागे गावातले पाचसहा जण.
बायपासला जमिनी गेल्या तेव्हापासून
सगळ्यांच्याच बोटांत अंगठ्या.
"अरे भिया, इनको उल्टा बोलना पड़ता है,
बोलते, मजबूत बना, तो कब की गिर जाती!"
काय हसले!
आमच्या यंत्रातल्या हशापेक्षा कितीतरी मोकळं.
साउंडवाल्यानं ते टिपून ठेवलं,
पुढे कामाला येईल म्हणून.

थावरिया हसला नाही. रागावलाही नाही.
नटाच्या हातात थापी उलटी होती,
ती त्यानं काढून घेतली, सुलटी करून दिली
आणि पुन्हा सावलीत जाऊन बसला.

चौथ्यासाठी सिमेंट काढून माती भरली.
पाचव्यासाठी नुसत्या विटा, एकावर एक.
पण सांधे त्यानं चुकवलेच होते,
हाताला दुसरं काही येतच नव्हतं.
अर्धी पडली,
अर्धी विचार करत राहिली.
सहाव्यात ऊन गेलं.

सातव्यासाठी गोदामातून थर्माकोलच्या विटा आल्या,
शिंकेची वाटसुद्धा न पाहणाऱ्या.
ओके. टाळ्या.

हिशोबाला मॅनेजर म्हणाला,
भिंत वापरलीच नाही, तर अर्धी हजेरी.
थावरियानं पटेलांकडे पाहिलं.
तिकडे तिसऱ्या मजल्याचे अकरा दिवस थकलेले,
पटेल फोनवर.
मग तो माझ्याकडे आला, वहीवर बोट ठेवलं.
बोटाच्या पेरात चुना फुटलेला.
"इसमें सब लिखती हो?"
सगळं. कोण कुठे उभं होतं,
कप कुठल्या हातात होता, बटणं किती लावली होती.
"तो लिखो, दीवार गिरी नहीं."

लिहिलं. तारीख घातली.
ती वही पुढे कोणी मागितली नाही.

शनिवारी रात्री आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलं.
शिंक. धुरळा. पाठोपाठ
पिपल्याखेडीचा तो हशा, थोडा वाढवलेला.
मावशी डोळे पुसत म्हणाली,
"अगदी अस्सल उतरलंय गं, असलेच असतात मेले."
तिच्या पाठीमागे मोरीची भिंत,
कोणी बांधली ते आता घरात कुणाला आठवत नाही,
तेवीस पावसाळे, ओलीचा एक डाग नाही.

मी शेवेची वाटी तिच्यापुढे सरकवली.
संवादांचे पैसे
त्या महिन्यात वेळेवर आले होते. पूर्ण.