साडेनऊ ते अकरा

वडगावात आमच्या बोळात
ऊन साडेनऊला येतं आणि अकराला जातं.
मधल्या वेळात जे काय व्हायचं ते.

गॅलरी अडीच फूट बाय सात.
तिच्यात चपलांचा स्टँड, गॅसची रिकामी टाकी,
आणि यंदा टोमॅटोचे चार क्रेट,
मार्केटातून घासाघीस करून आणलेले,
तळाला सुताची फाटकी पोती.
भरमाण्णा म्हणाले,
"माग विकला तो जागा होऊ दे म्हणून. जंगल करालीस काय?"
जागा आत झाली, मी म्हटलं.
ऊन बाहेर आहे.

धणे तसेच पेरायचे नसतात.
फरशीवर पसरून चपलेखाली रगडायचे,
दोन फाका व्हाव्यात, पीठ होऊ नये,
मग रात्रभर पाण्यात.
महिनाभर माझ्या चपलेला आमटीचा वास होता.

मेथी चौथ्या दिवशी मान वर काढते,
पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी.
कोथिंबीर बारा दिवस पत्ता लागू देत नाही.
तेराव्याला मी माती उकरायला बसले,
आणि ती होती.
केसाएवढी, वाकलेली, डोक्यावर टरफल घेऊन.

मुळ्याच्या पाकिटावर सगळं कानडीत.
समोरच्या गंगव्वाची नात सहावीत आहे,
तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं:
अर्धा इंच खोल. चार इंचांवर एक.
चार इंच म्हणजे माझी मूठ.
मुठी टाकत टाकत मी क्रेट संपवला
आणि अर्धं पाकीट उरलं.
ते तिला दिलं. ती म्हणाली, आमच्यात फक्त तुळस आहे.

मटाराला चढायला काय द्यावं?
ट्रंकेत ताण्याचं रेशीम उरलेलं, जांभळं,
एका साडीसाठी आणलेलं. ती साडी झालीच नाही.
खिळ्यापासून कठड्यापर्यंत सात धागे ओढले.
वेलानं एका रात्रीत दोन वेढे घेतले.
सकाळी भरमाण्णा चहा घेऊन बाहेर आले.
धागा चिमटीत धरला,
चाळीस वर्षं धरायचे तसा.
"सैल आहे," म्हणाले.
कप कठड्यावर ठेवून
सातही पुन्हा बांधले.

मार्गशीर्षात धुकं असं उतरायचं
की समोरचं घर नुसतं खोकल्यावरून कळावं.
पालकाला मावा लागला. बंबातली राख चाळून टाकली.
शेपू उगाच उंच झाला, कुणी विचारलं नव्हतं.

मग गंगव्वाच्या महांतेशचं लग्न ठरलं
आणि त्यांनी वर मजला काढला.
कॉलम उभे राहिले, स्लॅब पडला,
आणि आमचं ऊन दहा वीसला संपू लागलं.
भांडायचं काय त्यात?
पोरानं लग्न करू नये, माझी मेथी आहे, म्हणून?
रोपं पिवळी, लांब मानेची झाली,
सगळी एकाच बाजूला वाकून
काहीतरी शोधत असल्यासारखी.

गंगव्वा बोळापलीकडून चार दिवस बघत होती.
पाचव्या दिवशी म्हणाली, "अवक्क बिसलु बेकु."
आणि बोट वर केलं, आमचं ऊन खाणाऱ्या स्लॅबकडे.

क्रेट दोन जिने उतरले, तीन चढले.
महांतेशनं दोन नेले, शिव्या न देता.
तिथे, उभ्या सळयांच्या मधे,
आठ ते चार ऊन.
मी रोज बोळ ओलांडून किटलीनं पाणी घालते.
तिच्या जिन्यावर माझ्या पायांची माती असते,
ती पुसते, काही बोलत नाही.

मटार तेवढा नेता आला नाही, बांधलेला.
तो त्याच तासाभराच्या उन्हावर राहिला
आणि भोगीला अकरा शेंगा दिल्या.
सोलल्या: बावन्न दाणे. मोजले मी.
पातेल्यात पडल्यावर दिसेनात.

गंगव्वानं त्या दिवशी हक्करकी आणली,
माहेरच्या काळ्या रानातली.
ती कुणी पेरत नाही, थंडी पडली की येते.
कच्चीच, मुळ्याच्या पानांसोबत, भाकरीबरोबर.
कडू आहे म्हटलं तर हसली.
"मुळा तुझा," म्हणाली, "तोही काय गोड नाही."

पुढच्या हिवाळ्यात तिथे खोली असेल,
खिडकीला पडदा, नवी सून.
बघू.
कोथिंबिरीची दोन झाडं मी उपटली नाहीत.
पांढऱ्या फुलावर आहेत, होळीपर्यंत धणे धरतील.
चप्पल झिजली आहे, पण टाकलेली नाही.