जमेचा घोडा

बंदी उठायला अजून बारा दिवस.
देवगड बंदरात होड्या झापांखाली,
बर्फ कारखान्याचा पट्टा थांबलेला,
आणि मी, तिथला हिशेबनीस,
रिकाम्या क्रेटवर पट मांडून बसतो
भालू कोयंडेसमोर.
पांढऱ्याचा एक हत्ती हरवलाय.
त्याच्या जागी जाळ्याचं शिसं.

दुसऱ्याच खेळीला तो
राजाशेजारच्या उंटासमोरचं प्यादं
दोन घरं ढकलतो,
सरळ माझ्या प्याद्याच्या तोंडात.
घे म्हणत नाही. बिडी शोधतो.
मी घेतो.
पुस्तकात याला गॅम्बिट म्हणतात, मी सांगतो.
"म्हणजे आमचोच कोणतरी," भालू म्हणतो. "गाबीत."

मग माझं दुसरं प्यादं त्याच्या घोड्यावर चालून जातं.
कुणीही घोडा हलवला असता.
तो राजाला किल्ल्यात नेतो
आणि घोड्याकडे वळूनही बघत नाही.
"गळाक कायव लावूचा नाय, आणि मासो येवक व्हयो?
मासो काय खुळो आसा?"

मी मनातल्या वहीत लिहितो.
जमा: प्यादं एक, घोडा एक.
आणखी एक प्यादं.
आठव्या खेळीला त्याचा उंट शह देत येतो
त्या घरावर,
ज्याला राजाशिवाय कुणाचाच आधार नसतो.
राजा स्वतःच्या हातानं उंट मारतो.
जमा: उंट.
पुन्हा प्यादं, तेही शहासकट.
इतकी जमा या वर्षात पहिल्यांदाच.

मान वर करतो तर
माझे दोन्ही घोडे अजून तबेल्यात,
हत्ती कोपऱ्यात, उंट बसलेले,
पहाट झाली हेही त्यांना कुणी सांगितलेलं नाही.
एकटा वजीर गावभर खात हिंडतोय
आणि राजा उंबऱ्याबाहेर.
एफची रांग मोकळी,
खाडीच्या मुखासारखी,
तिच्या टोकाला ते शिसं.
मी माल मोजत होतो,
भालू खेळ्या मोजत होता.
माझ्या वहीत वेळेचा रकानाच नाही.

"आता परत दी," तो म्हणतो,
"कायतरी परत दी, वाचशीत."
खरंय. बचाव तोच आहे, मी वाचलाय:
एखादा मोहरा सोडायचा,
धडकेचं वजन उतरवायचं,
मग उरलेल्यांना उठवायचं.
पण जमेचं खर्ची टाकायला
हात उचलत नाही.
सहा खेळ्यांत मात.

भालू उठून जातो, जाळ्याचं भोक शिवायला.
पुनवेला तो दर्यात नारळ टाकील
आणि लाटेनं तो कुठे नेला
हे बघत थांबणार नाही.

रात्री सदरा काढताना
खिशात पांढरा घोडा सापडतो.
कधी घातला, आठवत नाही.
उशाशी ठेवतो.
सकाळी परत द्यायचा.
देईन.
बंदर पाच मिनिटांवर आहे,
आणि अजून अकरा दिवस आहेत.