हौद

पहिल्या संध्याकाळी मगदूम बाईंनी फळ्यावर हौद काढला.
वर एक चावी, खाली एक चावी.
म्हणाल्या, साठा, आवक, जावक. झालं.
मी छप्पन्न वर्षांचा, शिरोलीत तीस वर्षं लोखंड ओतलेला,
मागच्या बाकावर हसलो:
यासाठी फी भरली?

मग त्यांनी विचारलं,
गगनबावड्यात पाऊस थांबला तरी
राजाराम बंधाऱ्याची पातळी का चढत राहते?
सगळ्या वर्गाला उत्तर येत होतं.
फूट-इंच मोजत रात्री जागलेलं गाव हे,
विलंब आम्हाला कुणी शिकवायचा?
पण तोच विलंब कारखान्यात शिरला
की आम्ही त्याला कामचुकारपणा म्हणतो.

माल उशिरा जायचा. पुण्याहून फोन.
मालक म्हणायचे, दुसरी भट्टी घेऊ.
मी ती लॅपटॉपवर बांधली,
बिनधुराची, बिनकर्जाची.
आकडे मात्र खरे घातले:
भट्टी नव्वद मिनिटं, साचा गार व्हायला चार तास,
फेटलिंगला माणसं सात.
एका रात्रीत तीनशे महिने चालवला कारखाना.
दुसरी भट्टी लावली, उशीर वाढला.
गंमत म्हणून तिसरी लावली,
फेटलिंगपुढचा ढीग पडद्याबाहेर गेला.

पाठकोऱ्या चलनावर बाण जोडत बसलो.
उशीर, म्हणून घाई.
घाई, म्हणून ओली वाळू, कच्चा साचा,
भोकं पडलेला माल परत भट्टीत,
म्हणून उशीर.
वर्तुळ मिटलं तेव्हा दिसलं,
'घाई' लिहिलेल्या चौकटीत
अक्षर माझं,
आणि आत बसलेलाही मीच.

सकाळी इलाही मुजावरांना कागद दाखवला.
ग्राइंडर बंद करून, चष्मा पुसून
त्यांनी बराच वेळ बघितलं.
"हे तुमच्या लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं की, साहेब.
ओतायचं थांबा जरा, म्हटलं, आमाला घासू द्या."

व्हय. म्हटलं होतं.
वीस पावलांवरून माझ्यापर्यंत यायला
त्या वाक्याला सव्वीस वर्षं लागली.
हा विलंब कुठल्या चावीवर लिहायचा
बाईंना विचारायचं राहिलं.

आज मंगळवार. भट्टी तीन तास थंड ठेवली.
मालक वरच्या काचेतून दोनदा डोकावले.
ढीग तेवढाच आहे,
फार तर टोपलीभर कमी.

मॉडेलमध्ये इलाहींचं मनगट नाही.
दुपारनंतर ते थरथरतं.
त्याला हौद म्हणायचं की चावी,
अजून ठरत नाही.