विसाव्याची पायरी

वाल्पाराइसोत रस्ते दमतात
तिथून पायऱ्या सुरू होतात.
ओलेगारियो वेर्गारा खांद्यावर गॅसची टाकी घेऊन
अठ्ठावीस वर्षं त्या चढला.
मार्चपासून उजवं पाऊल उचललंच जात नाही,
बुटाचा तळ आपटतो: फटक, फटक.
बायको म्हणते, तुम्ही येताय हे
हल्ली तिसऱ्या वळणापासूनच कळतं.

लिफाफा त्यानं छातीशी धरलाय,
जमिनीचे कागद धरावेत तसा.
आतली फिल्म मी खिडकीच्या काचेला लावते.
मागे बंदर, क्रेन, धुकं,
पुढे त्याचा कणा, करड्या मण्यांचा,
आणि चौथ्या-पाचव्या मण्यामधून
बाहेर डोकावणारी चकती.
"हीच ना ती?"
सर्जननं तारीखसुद्धा दिली आहे. सत्तावीस.

असेलही.
माझ्या पाठीत अशीच एक आहे
आणि सप्टेंबरात मी पहाटेपर्यंत नाचले.
फिल्म घराच्या भिंती दाखवते,
आत कोण जागं आहे ते नाही सांगत.

"आडवे व्हा. थोडं टोचेल."
आधी वीज: घोट्याशी, मग गुडघ्याच्या खाली,
मग चार बोटं वर.
खालपर्यंत लाट धडधाकट,
वर गेले की निम्मीही उरत नाही.
मग सुई.
नडगीच्या स्नायूत स्पीकर तडतडतो,
तापल्या कढईत लाह्या.
पोटरीच्या आतल्या बाजूला शांत.
कुल्ल्यात शांत.
पाठीत, जिथे खरं तर बोंब उठायला हवी,
तिथे चिडीचूप.

आमच्या टेकड्यांवर वणवा पेटतो तेव्हा
धूर एकीकडे, बंब दुसरीकडे,
हे मी लहानपणापासून पाहत आलेय.

"टाकी कुठे टेकवता?"
तो उठून दाखवतो, अंगात आल्यासारखा:
इथे वळण, इथे विसावा,
टाकीची कड गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर,
हातातला पाना टाकीवर वाजवायचा,
बायका खिडकीत येईपर्यंत.
दिवसातून चाळीस वेळा.
हाडाच्या त्याच उंचवट्याखालून
ती नस जाते, कातडीला जवळजवळ लागूनच.

"म्हणजे फिल्म खोटी?"
नाही हो.
गेल्या महिन्यात रोसाल्बा आली होती,
चार दिवसांचं दुखणं.
सुईला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.
तिला ऐकू यायला आठवडे लागतात,
आणि नुसती कळ असेल तर कधीच येत नाही.
मी "सर्व ठीक" लिहिणार होते.
फिल्मनं हात धरला.
त्या दिवसापासून मी "ठीक" हा शब्द
पेन्सिलीनं लिहिते.

तो मोजे चढवतो. सत्तावीसचं काय, विचारत नाही.
मी अहवालात दोनच ओळी लिहिते,
आणि सर्जनला फोन लावते. कोणी उचलत नाही.

खिडकीतून ऐकू येतं:
फटक, फटक,
मग काहीच नाही.
विसाव्याच्या पायरीवर थांबला असेल,
सवयीनं उजवा गुडघा पुढे करून.
टेकवायला
आज काहीच नाही.