परवाना

ब्रनोमध्ये, पाचव्या मजल्यावर, द्राहोमिरा
अकरा वर्षं पाणपोई चालवते:
तारखांचा हिशेब ठेवणारा कोड.
घ्या, वापरा, बदला, फक्त नाव राहू द्या.

मग कुणीतरी टँकर लावला.
तेच पाणी, बाटलीत,
महिन्याला नव्वद डॉलर.
तिला नाताळात एक टी-शर्ट आला,
दोन मापं मोठा.

आज ती परवाना बदलायला बसली.
एकच ओळ: विकायचं असेल तर आधी विचारा.
बोट बटणावर, तेवढ्यात
ओस्त्राव्हाच्या दवाखान्यातून यारोमीर लिहितो,
लसींच्या तारखा आता चुकत नाहीत,
फक्त लीप वर्षात एक दिवस सरकतो,
दुरुस्ती सोबत जोडलीय, बघाल?

बघते. त्याची एक स्वल्पविरामाची चूक काढते,
जोडून घेते.

परवान्याचं पान तसंच उघडं.
टी-शर्टने
ती काचेवरची वाफ पुसते.