वाट मोडताना

एन्डेलनं, बापानं, पाडलेली वाट
लेइदा आज मोडते आहे.

दलदलीवरच्या फळ्या उपटल्या,
खिळे डब्यात. एकशे बारा.
एक पार वाकडा —
त्या दिवशी डास फार असणार.

स्प्रूसच्या खोडावरचा पांढरा पट्टा
शेवाळाच्या बोळ्यानं घासला,
जाईना. राहू दे.

आत काळ्या करकोच्यांनी
घरटं धरलंय, तीस वर्षांनी.
लाहेमात फिरायला येणाऱ्यांना
आता तळ्याकडून वळसा.

वाटेच्या तोंडाशी तिनं
आडवी फांदी टाकली,
आणि सवयीनं तिच्यावरून
पाय टाकून आत गेली
स्वतःच,
चांगली दहा पावलं.

मग परतली,
ब्लूबेरीची झुडपं चुकवत,
परक्याच्या अंगणातून
निघावं तशी.